सदाशिव पेठेतील चोवीस तास उघडी अभ्यासिका: रात्रीच्या जागेचा साडेतीन महिन्यांचा अनुभव

पुण्यात टिळक रस्त्यापासून पायी चार मिनिटांच्या अंतरावर, सदाशिव पेठेतील एका गल्लीत असलेल्या अभ्यासिकेत मी गेल्या वर्षी जूनच्या आरंभापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रात्रीची आरक्षित जागा घेतली होती. तिचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे त्यातील बहुतेक गोष्टी पेठेतील आणखी कित्येक अभ्यासिकांना तंतोतंत लागू पडतात आणि एकट्या तिच्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. जागा शोधणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगतो. ज्या कारणाने मी जागा सोडली ते कारण त्यानंतर.

जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीचा दुसरा मजला म्हणजे ही अभ्यासिका. एकूण ९२ जागा आहेत. प्रत्येक जागेला तिन्ही बाजूंनी प्लायवूडचा आडोसा, डोक्यावर एक एलईडी दिवा, एक चार्जिंग पॉइंट आणि पुस्तके ठेवायला एक फळी. सकाळी ७ ते रात्री ९ या दिवसाच्या जागेचे महिना १,६०० रुपये, रात्री ९ ते सकाळी ७ या रात्रीच्या जागेचे १,१०० रुपये आणि चोवीस तासांच्या जागेचे २,२०० रुपये पडतात. लॉकरचे १५० वेगळे. अनामत ५०० रुपये असून ती परत मिळते; मला मिळाली. पाण्याचा फिल्टर चालू स्थितीत असतो आणि स्वच्छतागृह दिवसातून दोनदा धुतले जाते, हे या भागातील इतर ठिकाणे पाहिलेल्या माणसाला विशेष सांगण्यासारखे वाटेल. वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात. वातानुकूलन फक्त खिडकीकडच्या दोन रांगांना आहे आणि त्या जागा सहा-सहा महिने रिकाम्या होत नाहीत. खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत, त्यामुळे गादी घरून आणावी लागते. पावसाळ्यात जिन्यातील चपलांच्या मांडणीला जो वास येतो, त्यावर मात्र कोणी काही उपाय केलेला नाही.

शांततेच्या बाबतीत या अभ्यासिकेला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. भ्रमणध्वनी थरथरला तरी काका, म्हणजे रात्रपाळीचे व्यवस्थापक, टेबलावर एक चिठ्ठी आणून ठेवतात आणि तिसऱ्या चिठ्ठीला त्या रात्रीपुरते बाहेर काढतात. ज्याने कॉट बेसिसच्या, म्हणजे खाटेवार भाड्याच्या, खोलीत चौघांच्या गप्पा, एकाचा व्हिडिओ आणि दुसऱ्याचे घोरणे यांच्यामध्ये राज्यघटना वाचण्याचा प्रयत्न केला आहे, त्याला या शांततेचे मोल वेगळे सांगायला नको.

मी दिवसा एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेचा, जिला सगळे कम्बाइन म्हणतात, तो माझा तिसरा प्रयत्न होता. रात्री ९ ते साडेबारा असे साडेतीन तास बसायचे, एक वाजता खोलीवर पोहोचायचे आणि सकाळी सातला उठायचे, एवढाच माझा बेत होता. कागदावर तो बेत चांगला होता. सहा तासांची झोप ही काही चैन नव्हे, पण तीन-चार महिने निभावून नेता येईल असे मला वाटले होते.

या बेताला पहिला सुरुंग लावला तो एका फलकाने. आत येताना आणि बाहेर जाताना बोटाचा ठसा द्यावा लागतो, आणि त्या यंत्रातील नोंदींवरून दर सोमवारी सकाळी ‘नाइट टॉप टेन’ अशा मथळ्याची एक छापील यादी पाण्याच्या फिल्टरजवळ चिकटवली जाते. त्या आठवड्यात रात्रीच्या वेळात सर्वाधिक तास बसलेल्या दहा जणांची नावे, जागेचा क्रमांक आणि तास, एवढेच तिच्यात असते. पहिल्या क्रमांकावर साधारणपणे ६० तासांच्या पुढचा आकडा असे. यंत्राला माणूस आत आहे की बाहेर एवढेच कळते. आत असलेला माणूस वाचतो आहे, टेबलावर डोके टेकून झोपला आहे की आडोशाआड क्रिकेटचा सामना पाहतो आहे, हे त्याला कळण्याचा संभव नाही. तरीही पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण त्या यादीकडे पाहत असे, आणि फिल्टर तेथेच असल्यामुळे प्रत्येकाला दिवसातून चार-पाच वेळा तरी ती पाहावी लागत असे. जागेची निवड ज्याने केली असेल त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली जाण असली पाहिजे.

या यादीचा खरा परिणाम मात्र खाली, गल्लीच्या तोंडाशी दिसे. रात्री दोनच्या सुमारास सायकलवर थर्मास लावून चहावाला येतो आणि आठ-दहा जण खाली उतरतात. पेठेत सगळेच एकमेकांना सर म्हणतात, त्या रीतीने संभाषण सुरू होते.

“सर, काल किती?”

“तीन.”

“मी दोन. तेही टेबलावरच.”

“मी तर परवापासून पाठ टेकलेली नाही.”

हे आकडे झोपेच्या तासांचे असतात. एखाद्या उलट्या लिलावासारखा हा प्रकार चालतो; बोली खाली खाली येत जाते आणि सर्वांत कमी बोली लावणाऱ्याच्या हाती चहाचा कप असताना बाकीचे त्याच्याकडे थोड्या असूयेने पाहतात. सहा तास झोपलो असे सांगणारा मनुष्य मी त्या चहावाल्यापाशी साडेतीन महिन्यांत पाहिला नाही. मीही तसे सांगितले नाही, आणि पहिल्या दोन आठवड्यांत तर मी रोज तेवढाच झोपत होतो. विचारले की “चार-साडेचार” असे उत्तर तोंडातून आपोआप निघत असे. रात्रभर बसून वाचण्याला तेथे ‘नाइट मारणे’ म्हणतात. मराठीत बढाई मारतात, थाप मारतात आणि शाळेला बुट्टीही मारतात; त्या घराण्यात नाइटची ही सोयरीक कोणी जुळवली असेल ते असो, तिन्ही नात्यांनी ती शोभून दिसते.

यातील एक विसंगती मला फार उशिरा लक्षात आली. पेठेत बहुतेक जण कॉट बेसिसवर राहतात, म्हणजे भाडे खोलीचे नसून खाटेचे असते. माझ्या खाटेचे मी महिना ३,४०० रुपये देत होतो. त्या पैशांत मला मिळणारी वस्तू एकच होती: सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी झोपायची जागा. घरून आलेल्या किंवा पगारातून काढलेल्या पैशांतील सर्वांत मोठा वाटा ज्या खाटेवर जातो, तिच्यावर आपण आडवे झालो नाही याचीच फुशारकी आम्ही आणखी १,१०० रुपये भरून दुसऱ्या ठिकाणी मारत होतो.

असे का होत असावे, याचा विचार मी जागा सोडल्यानंतर पुष्कळ केला. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत, खरोखर किती येते हे उमेदवाराला स्वतःला कळायलाही दीड-दोन वर्षे लागतात. अर्ज लाखांत येतात, पदे काही शेकड्यांत निघतात आणि तारखांचा भरवसा नसतो. २५ ऑगस्ट २०२४ रोजी ठरलेली याच आयोगाची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुण्यातील विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यानंतर पुढे ढकलली गेली आणि अखेर १ डिसेंबर २०२४ रोजी झाली, हे ताजेच उदाहरण आहे. त्यातच २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, तेव्हा पर्याय ओळखण्याची जी कला मुलांनी वर्षानुवर्षे घोटली होती तिच्या जोडीला पानेच्या पाने लिहिण्याचा सराव करण्याची वेळ आली. इतक्या लांबणाऱ्या आणि अनिश्चित कामात आजचा दिवस सत्कारणी लागला हे दाखवायला उमेदवाराच्या हातात काय असते? गुण नसतात, पगार नसतो, शेतात पेरलेले उगवून आले असे बोट दाखवण्यासारखे काही नसते. जागलेले तास मात्र असतात. ते मोजता येतात, सांगता येतात आणि डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांच्या रूपाने दाखवताही येतात.

हे सांगणे चहावाल्यापाशी होत असले तरी त्याचा खरा ऐकणारा गावाकडे असतो, असे माझे मत आहे. दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या आई-वडिलांना, लग्नाचे विचारणाऱ्या आत्याला, “अजून किती वर्षे?” असे पारावर विचारणाऱ्या चुलत्याला उद्या अपयश आले तर काय सांगायचे, याची तयारी त्यात असते. अभ्यास कमी पडला असे कोणी म्हणू नये म्हणून आधीच भरून ठेवलेली ती साक्ष असते: मी झोपलोसुद्धा नाही, याहून अधिक काय करणार होतो? ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ५१ तासांसह माझे नाव यादीत सातव्या क्रमांकावर आले, तेव्हा मी त्या कागदाचे छायाचित्र काढून घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. मावशीने जोडलेले हात पाठवले, दोन चुलत भावांनी अंगठे पाठवले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काहीच उत्तर दिले नाही. मी ते छायाचित्र का टाकले होते हे त्या क्षणी मला विचारले असते तर मला प्रामाणिकपणे सांगता आले नसते.

अभ्यासिकेचे मालक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा तास मार्गदर्शन करतात. ते शुल्कात धरलेले आहे. गृहस्थ बोलायला चांगले आहेत, स्वतः दोनदा मुलाखतीपर्यंत पोहोचलेले आहेत आणि मुलांविषयी त्यांना खरी आस्था आहे, हे नमूद करायला हवे. परंतु त्यांच्या बोलण्यात दर वेळी एडिसन येतो, जो चारच तास झोपत असे. एडिसन झोपेला वेळेचा अपव्यय मानत असे हे खरे आहे. पण न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथील त्याच्या प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात ठेवलेली त्याची खाट आजही पाहायला मिळते आणि दिवसा डुलक्या काढण्याची त्याची सवय प्रसिद्ध होती. तो भाग आमच्या रविवारी येत नसे.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘काकचेष्टा बकध्यानं श्वाननिद्रा तथैव च’ हे विद्यार्थ्याच्या लक्षणांचे सुभाषित रंगवलेले आहे आणि ‘श्वाननिद्रा’ हा शब्द लाल रंगात आहे. सुभाषितकाराला कुत्र्याची सावध झोप अभिप्रेत होती, थोडी झोप नव्हे. आमच्या गावाकडील वाघ्या पानाच्या सळसळीनेही डोळे उघडतो, पण तो दिवसाचे निम्मे तास तरी ओसरीवर पसरलेला असतो. त्याच्या हिशेबाने झोपायचे ठरवले असते तर यादीतील दहाही जण बाद झाले असते. ज्या अर्जुनाला गुडाकेश, म्हणजे निद्रा जिंकणारा, असे म्हणतात त्यालाच गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘न चाति स्वप्नशीलस्य जाग्रतो नैव चार्जुन’ असे सांगितलेले आहे: फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही साधत नाही. भिंतीवर उरलेल्या जागेत ही ओळ सहज मावेल.

न झोपण्याचा विक्रम या गोष्टीचेच एक शेवटचे टोक जगाने पाहिलेले आहे. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील रँडी गार्डनर नावाचा १७ वर्षांचा विद्यार्थी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी डिसेंबर १९६३ पासून जानेवारी १९६४ पर्यंत सलग ११ दिवस, म्हणजे २६४ तास, जागा राहिला. स्टॅनफर्डचे निद्रा-संशोधक विल्यम डिमेंट शेवटच्या दिवसांत त्याच्यावर लक्ष ठेवून होते. शेवटच्या दिवशी त्याला १०० मधून सात-सात वजा करत जायला सांगितले, तेव्हा तो ६५ पर्यंत आला आणि थांबला. का थांबलास असे विचारल्यावर, आपण काय करत होतो हेच आठवत नाही असे त्याने सांगितले. म्हातारपणी निद्रानाशाने त्याला छळले. अशा विक्रमांची नोंद घेणे गिनेसने १९९७ नंतर बंद केले. आकाशातून उडी मारणाऱ्यांची आणि विषारी सापांबरोबर राहणाऱ्यांची नोंद घेणाऱ्या संस्थेने हात आखडता घ्यावा, यावरून या खेळाची जात लक्षात यावी.

गार्डनरचे उदाहरण टोकाचे म्हणून सोडून दिले, तरी अभ्यासिकेतील मुलांशी थेट संबंध असलेला एक प्रयोग २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला होता. ४८ निरोगी प्रौढांपैकी काहींना १४ दिवस रोज चार तास, काहींना सहा तास आणि काहींना आठ तास झोपू दिले, तर एका गटाला सलग तीन दिवस जागे ठेवले. दोन आठवड्यांनंतर सहा तासवाल्यांच्या चुका एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसांइतक्या वाढल्या होत्या. मला त्यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. चुका दिवसेंदिवस वाढत होत्या, पण “किती झोप येते आहे?” या प्रश्नाचे त्यांचे उत्तर मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसे बदलत नव्हते. आपल्याला सवय झाली आहे असे त्यांना वाटत होते. “मला चढलेली नाही” असे ठासून सांगणाऱ्या माणसाचे बोलणे आपण जितक्या गांभीर्याने घेतो, तितक्याच गांभीर्याने “मला चार तास पुरतात” हे वाक्य घ्यायला हवे. काही मोजक्या माणसांना जन्मतःच कमी झोप पुरते आणि तशी जनुकीय कारणेही सापडली आहेत, पण ती माणसे एकाच गल्लीत चहाला जमण्याची शक्यता कमी आहे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतःच्या वहीची पाने चाळत होतो. ऑगस्टमधील एका रात्री मी लिहिले होते: “४४ वी घटनादुरुस्ती, १९७८, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळून तो गाडीच्या मागच्या”. त्यापुढे अक्षर नव्हते. बॉलपेनची एक रेघ पानाच्या कडेपर्यंत गेलेली होती आणि तेथे कागदाला बारीकसे भोक पडले होते. गाडीच्या मागच्या कशात मालमत्तेचा हक्क ठेवायचा माझा विचार होता हे मला आजतागायत समजलेले नाही. त्याच आठवड्यातील सराव परीक्षेत मी याच प्रश्नाला ४२ वी असा पर्याय निवडला होता. एकचतुर्थांश गुण वजा होतात ते वेगळेच. जे मी तीन वेळा वाचले होते, लिहिले होते आणि ज्यासाठी जागलो होतो तेच चुकले होते. दिवसभरात शिकलेले मेंदू झोपेतच पक्के करून ठेवतो, हे विज्ञानाच्या प्रश्नासाठी मी पाठ केले होते. पाठ केले होते तेही बहुधा रात्री तीन वाजताच.

माझ्या शेजारी ४१ क्रमांकाच्या जागेवर बसणारा मुलगा यादीत सतत पहिल्या तिघांत असे. एका रात्री पाणी आणायला उठलो तेव्हा तो पुस्तकावर मान खाली घालून बसला होता, डोळे उघडे होते आणि हातातील पिवळा हायलायटर एका शब्दावर टेकलेला होता. मी परत आलो तेव्हाही तो तसाच होता आणि त्या शब्दाभोवती रुपयाएवढा पिवळा डाग पसरून खालच्या पानापर्यंत झिरपला होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकून म्हणाला, “वाचतोय, सर.”

माझ्यावरही एकदा बेतले. सकाळी सातला उठून दिवसभर काम केलेला आणि रात्री साडेबाराला दुचाकीवर बसलेला माणूस साडेसतरा तास जागा असतो. १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून मंद होते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले आहे. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या थोडे पुढे मला दुभाजक दिसला तो त्याला चाक घासल्यानंतर. वेग कमी होता, रस्ता रिकामा होता. गुडघा खरचटला आणि आरसा फुटला, एवढ्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी चहावाल्यापाशी मी ही हकिकत सांगितली तेव्हा ती सांगताना माझ्या आवाजात थोडी ऐट होती, आणि ऐकणाऱ्यांनीही ती पराक्रमाची गोष्ट ऐकावी तशीच ऐकली. मला अपघातापेक्षा त्या ऐटीची अधिक भीती वाटली.

त्या यादीत साडेतीन महिन्यांत एकाही मुलीचे नाव नव्हते. बहुतेक मुलींच्या वसतिगृहाचे दार रात्री दहाला बंद होते, म्हणून त्या दिवसाची जागा घेतात आणि नऊला निघतात. त्या आळशी आहेत असे कोणी म्हणत नव्हते, पण ‘सिरियस’ उमेदवारांची नावे घेताना त्यांची नावे येत नसत. पुढे एका परीक्षेच्या निकालात आमच्या अभ्यासिकेतील तिघांची नावे लागली: दोन मुली, दोघीही दिवसाच्या जागेवरच्या, आणि तिसरा मुलगा यादीत नेहमी चौथा-पाचवा असणारा. तेव्हा जागरण करणारा उत्तीर्ण होतच नाही असा सिद्धान्त मला मांडता येत नाही, आणि तिघांच्या बळावर उलटाही मांडू नये.

रात्रीची जागा कोणासाठी चांगली आहे हेही सांगतो, कारण ती सरसकट वाईट नाही. आमच्या रांगेत एक जण दुपारी दोन ते रात्री आठ घरोघरी पार्सल पोहोचवण्याचे काम करणारा होता. तो नऊला येई, पहाटे पाचला उठून निघे, आणि सकाळी सहा ते दुपारी एक अगदी पडदे लावून झोपे. तो खाली चहाला क्वचितच येत असे आणि आला तरी आकड्यांच्या बोलीत भाग घेत नसे; त्याची झोप सात तासांची होती, फक्त घड्याळात दुसरीकडे होती. असे ज्याला जमते आणि ज्याच्या खोलीत दिवसा शांतता मिळते, त्याने ही जागा अवश्य घ्यावी. दिवसा पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याने मात्र घेऊ नये; किंवा घ्यायचीच तर साडेअकराला उठण्याची खूणगाठ बांधून घ्यावी आणि पाण्याची बाटली घरून भरून आणावी, म्हणजे फिल्टरकडे जावे लागणार नाही. रात्री दोनचा चहा टाळावा. चहातील कॅफीन थकवा घालवत नाही, थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही, आणि चार-पाच तासांनंतरही त्यातील निम्मे शरीरात शिल्लक असते. म्हणजे सकाळी सातला खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांवर तो निरोप अर्धवटच पोहोचतो.

जागा सोडताना मी मालकांना भेटून ती यादी काढावी अशी सूचना केली. ते रागावले नाहीत. त्यांनी हिशेब मांडून दाखवला: मजल्याचे भाडे आणि विजेचे बिल दिवसाच्या जागांतून निघते; रात्रीच्या जागांतून येणारे पैसे हीच त्यांची कमाई. यादी लावण्यापूर्वी रात्री तीस जागा जात, आता सत्तर जातात. “बोर्ड काढला तर निम्मी पोरं दहाला झोपायला जातील,” असे ते म्हणाले, आणि ते वाक्य आपण कोणत्या बाजूने बोललो हे लक्षात येऊन स्वतःच हसले. त्यांच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर वाटला, पण यादी अजून तेथेच आहे.

मी जागा सोडण्याचे ठरवले त्याला मात्र निमित्त वेगळे झाले. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. शेतीपंपाची लाइट तेथे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशा पाळीने येते, आणि रात्रीची पाळी असली की अण्णा बॅटरी घेऊन उसाला दारे धरायला जातात. साप-विंचवाचे भय असते, अलीकडे बिबट्याचेही असते. अण्णांच्या वयाची सगळी माणसे आयुष्यभर असे जागत आली आहेत, पण रात्रीच्या लाइटची फुशारकी मारणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. ते तिला शिव्या घालतात. दिवसा वीज मिळावी ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आणि सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली तीच मागणी पुरी करण्यासाठी काढावी लागली. रात्रीची वीज वाढवून द्या, असा मोर्चा कोठेही निघालेला नाही. ज्याला जागणे भाग पडते त्याच्या तोंडी ते गाऱ्हाणे असते.

सप्टेंबरमध्ये एका रात्री दीड वाजता मी चहाला खाली उतरलो असता, रात्रीची पाळी असल्याने अण्णा रानात असतील हे ध्यानात येऊन त्यांना फोन लावला. मागे मोटारीचा आवाज येत होता. मी अजून अभ्यासिकेत आहे असे सांगितल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ते तासांचं तू टाकलं हुतंस, मी बघितलं. अरं, आमची लाइटच रात्री येती म्हणून आमी जागतो. तुझं बटण तुझ्या हातात हाय, बंद कर आन् झोप.” आणि बांध फुटला म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सध्या मी त्याच अभ्यासिकेत शनिवार-रविवारची दिवसाची जागा घेतो; ती सोय फलकावर लिहिलेली नाही, विचारावी लागते आणि महिना ६०० रुपयांत मिळते. खिडकीकडची जागा अजून मिळालेली नाही. अनामत परत घ्यायची असेल तर मूळ पावती जवळ ठेवावी आणि सोमवारी सकाळी जाऊ नये, कारण त्या वेळी काका नवी यादी चिकटवण्यात गुंतलेले असतात.